हृदयातील संप्रेरक, आनुवंशिकता आणि रक्तदाब

प्रस्तावना : पुण्याच्या मार्केट यार्डात पोती वाहणारा हमाल असो वा गाळ्यावर बसणारा अडत्या, ‘रक्तदाब आमच्या घराण्यातच आहे’ असे म्हणून अनेक जण उपाय सोडून देतात. या समजुतीत तथ्य किती, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

हृदयाचे संप्रेरक : हृदय हा केवळ रक्त ढकलणारा पंप नव्हे. उंदरांच्या अलिंदांचा अर्क टोचल्यास मूत्रावाटे सोडियमचे उत्सर्जन वाढते, असे आदोल्फो दे बोल्ड व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखविले. हा परिणाम घडविणारे पेप्टाइड २८ अमिनो आम्लांचे आहे. अलिंदाची भिंत ताणली गेली की ते रक्तात मिसळते, मूत्रपिंडांवाटे मीठ व पाणी बाहेर टाकविते आणि रक्तवाहिन्या सैल करते. परिणामी रक्तदाब उतरतो.

जनुकांचा वाटा : या पेप्टाइडचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असते. त्यालगतचा एक विशिष्ट बदल असलेल्यांत पेप्टाइडचे प्रमाण अधिक व उच्च रक्तदाबाचा संभव सुमारे १५ टक्के कमी असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मात्र वरच्या रक्तदाबातील फरक सुमारे १ ते १.५ मिलिमीटरच होता. याउलट, रोजचे मीठ सुमारे ४ ग्रॅमने घटविल्यास तो सरासरी ४ मिलिमीटरने उतरतो.

निष्कर्ष : रक्तदाबावर शेकडो जनुकीय बदलांचा थोडाथोडा प्रभाव पडतो. म्हणून वारसा ही पूर्वसूचना होय, विधिलिखित नव्हे. ओझे उचलताना रक्तदाब तात्पुरता चढतोच. तेव्हा तो पाच मिनिटे स्वस्थ बसून मोजावा. ज्याच्या घराण्यात विकार आहे, त्याने तर तो नियमित मोजणे अगत्याचे आहे.