गाडी केव्हा अडते?

मुळशीतल्या चांदे गावातून गाडी काढली की जुन्या इंजिनाची हवी ती परीक्षा घेता येते. सूस-पाषाणकडे वळलात तर गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडणं, पौड रस्त्याला लागलात तर पिरंगुट घाटाचा चढ-उतार, आणि ताम्हिणीकडे निघालात तर जून-जुलैचा मुळशीचा पाऊस. उन्हाळ्यात डांबर तापतं ते वेगळंच. मुळशीतले हे रस्ते जुन्या गाडीच्या पारखीला उत्तम आहेत, कारण इंजिनाचा बिघाड शोधताना पहिला प्रश्न 'केव्हा' हाच असतो. थंड असताना, तापल्यावर, चढाला की पाऊस लागल्यावर? हे नीट सांगणारा गाडीमालक मिस्त्रीचं निम्मं काम करून ठेवतो.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ अखेर उतरली, पण हौशी मालकांच्या पार्किंगमध्ये आजही आहे. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. नव्या गाडीला स्कॅनर जोडला की बिघाडाचा कोड तरी येतो. इथे कान, नाक, हात आणि फिलर गेज एवढ्यावरच भागवायचं. मला हे इंजिन आवडतं, कारण ते काहीच लपवत नाही. विचारण्याचा क्रम तेवढा सांभाळावा लागतो.

तो क्रम असा: आधी ठिणगी, मग पेट्रोल, शेवटी कॉम्प्रेशन. रस्त्यावरच्या बहुतेक तक्रारी पहिल्या दोहोंतच मिटतात, आणि त्या तपासायला इंजिन उघडावं लागत नाही.

ठिणगीचं काम केवढं ते पाहा. चार सिलिंडरांचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतं तेव्हा सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, आणि प्रत्येक ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट एकदा उघडतात. त्यांच्यातली फट जेमतेम अर्धा मिलिमीटर. कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबरचा तुकडा झिजला की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते, पिकअप जातो आणि गाडी तापायला लागते. मालक रेडिएटर धुऊन घेतो, पंखा बदलतो, थर्मोस्टॅट काढून टाकतो. खरं काम फिलर गेजचं असतं. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर शेजारच्या कंडेन्सरवर संशय घ्यावा.

पावसाळी सकाळी गाडी मिसिंग करत असेल तर अंधार पडेपर्यंत थांबून बॉनेट उघडा. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर, कॉइलपाशी किंवा प्लगच्या वायरींवर निळसर ठिणग्या पळताना दिसल्या की वीज कुठून गळते ते कळलं. चारपैकी कोणता सिलिंडर काम करत नाही, हे शोधायलाही उपकरण लागत नाही. इंजिन चालू ठेवून इन्सुलेशनच्या पकडीने एकेक प्लगची वायर सोडवायची. जी सोडवल्यावर आवाजात फरकच पडत नाही, तिचा सिलिंडर आधीच बंद आहे.

आता उन्हाळ्यातली जुनीच तक्रार: तापलेली गाडी थांबवली, पाच मिनिटांनी सेल्फ मारला, पण चालू होईना. दोन संशयित. एक, गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर. दुसरा, पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पंपाला ते ओढता न येणं. मेन वायर ब्लॉकजवळ धरून ठिणगी पाहावी, पण आसपास पेट्रोल सांडलेलं नाही याची आधी खात्री करून. ठिणगी निळी आणि जोमदार असेल तर पंपावर ओलं फडकं ठेवा. गार पडल्यावर गाडी निघाली, तर दोष वाफेचाच.

पेट्रोलच्या बाजूला आता नवी भर पडली आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल पाणी शोषतं, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटा करतं, आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे पंपाचा डायफ्राम फुगणं, नळ्या मऊ पडणं, जेटमध्ये कचरा येणं या तक्रारी वाढल्या तर नवल नाही. मिश्रणही पातळ पडतं. चोक ओढल्यावरच नीट चालणारी गाडी जेट तुंबल्याचं किंवा कुठूनतरी हवा ओढत असल्याचं सांगत असते. जुन्या गाडीच्या मालकाने नळ्या आणि डायफ्राम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत. यात काटकसर करू नये. गळकी नळी म्हणजे आग.

धूर पाहायला घाट हवा. पिरंगुटला उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचला, पायथ्याशी पुन्हा अॅक्सिलरेटर दाबा आणि आरशात बघा. तेव्हा निळ्या धुराचा लोट उठला तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल खाली उतरतंय. चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर. आवाजाचंही तसंच. वरून येणारी हलकी टकटक टॅपेटची. खालून, चढाला येणारा जड ठोका बिगएंडचा, आणि तो ऐकू आला की गाडी चालवू नये. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावली की ठोक्याची जागा बरीच नेमकी सापडते.

व्हॅक्युम गेज लावणार असाल तर हा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे हे विसरू नका. समुद्रकाठी १७ ते २१ इंच दाखवणारं निरोगी इंजिन इथे सुमारे दोन इंच कमी दाखवतं. पुस्तकातला आकडा जसाच्या तसा धरून धडधाकट इंजिन कुणी उघडू नये.

उघडायची वेळ आली तर आधी कॉम्प्रेशन. चारही प्लग काढायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, आणि एकेका सिलिंडरवर गेज लावून सेल्फ मारायचा. एखादा सिलिंडर कमी निघाला की प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. दाब चढला तर रिंगा झिजल्या आहेत, म्हणजे हाफ इंजिनचं काम. तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यता मोठी, आणि मग हेड काढून भागतं. या दोन खर्चांत मोठी तफावत आहे, म्हणून हे चार आकडे कागदावर लिहून घेतल्याशिवाय गाडी मिस्त्रीकडे सोडू नये.