सौसरच्या शिळांची दिशा

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पांढुर्णा व सौसर या दोन तहसिली छिंदवाड्यापासून अलग होऊन त्यांचा पांढुर्णा नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा मुलकी दप्तरात एका शिक्क्याखाली आलेल्या या दोन मुलखांचे पाषाण परस्परांहून किती भिन्न स्वभावाचे आहेत, याचे स्मरण फार थोड्यांना झाले असेल. पांढुर्ण्याकडचा पाषाण मुख्यतः दख्खनचा काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. त्याचे सूक्ष्म स्फटिक नाना दिशांनी विखुरलेले असल्यामुळे अखंड तुकड्यावर घणाचा घाव कोणत्याही अंगाने घातला तरी तो बहुधा सारखाच प्रतिकार करतो. सौसरकडचा सुभाजा खडक तसा नाही. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा हा गाळ भूगर्भातील दाबाने व उष्णतेने रूपांतर पावत असता त्यातील अभ्रकाचे पापुद्रे दाबाच्या दिशेला आडवे होऊन एका रांगेत बसले, आणि म्हणूनच छन्नी त्या पापुद्र्यांच्या अंगाने लागली की फरशी अलगद सुटते, आणि त्यांच्या आडवी लागली की तोच दगड हट्टाला पेटतो. पदार्थाचे गुणधर्म दिशेप्रमाणे बदलण्याच्या या धर्माला शास्त्रात विषमदिकता म्हणतात. पण पाथरवटाला ती शास्त्राच्या कितीतरी आधी हाताने ठाऊक होती, हे प्रथमच नमूद केले पाहिजे.

या मुलखाच्या शिळांचे शास्त्रशुद्ध वाचन सुरू झाले ते मँगनीजच्या निमित्ताने. १८९६ साली मध्यप्रांतात या खनिजाचा शोध घेणारी मंडळी स्थापन झाली, आणि १९०२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झालेल्या लुईस ली फर्मर या तरुण अधिकाऱ्याने काचीढाणा, सीतापार या खाणींपासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंतचा प्रदेश पालथा घालून भारतातील मँगनीजविषयीचा आपला विस्तृत ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला. तामडी व गारगोटी यांच्या मिश्रणाने झालेल्या एका खडकाला त्याने गोंड लोकांच्या नावावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. मला हा खडक विशेष प्रिय आहे. त्याचा कागदाहून पातळ काप करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, एकमेकांना छेद देणाऱ्या दोन ध्रुवकांमध्ये ठेवला, तर गारगोटीचे बहुतेक कण काप फिरवू तसे उजळतात आणि मावळतात, आणि तामडीचे कण मात्र कसेही फिरवले तरी काळेच राहतात. कारण तामडीच्या अणूंची मांडणी घनाकृती असल्यामुळे प्रकाशाला तिच्यात सर्व दिशा समान, आणि गारगोटीत तशा नाहीत. एकाच शिळेत दोन्ही स्वभाव शेजारी नांदतात, आणि ती शिळा आमच्या मुलखाची आहे!

याहून नवलाचे खनिज फर्मरला रामटेकजवळच्या कचरवाही येथे लाभले. भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांच्या नावावरून ब्लॅनफर्डाइट म्हणून ओळखला गेलेला हा स्फटिक ध्रुवित प्रकाशात एका अंगाने गुलाबी, तर दुसऱ्या अंगाने आकाशासारखा निळा दिसतो. पदार्थ तोच, कण तोच, केवळ दिशा बदलली. सीतापारच्या नावाचे ‘सीतापाराइट’ मात्र टिकले नाही. ते १८९७ साली अमेरिकेत वर्णिलेल्या बिक्सबाइटाशी एकरूप ठरले, आणि आमच्या एका गावाचे नाव खनिजांच्या यादीतून गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

भंडाऱ्याकडे सापडणारा कायनाइट हा तर दिशाभेदाचा जणू मूर्तिमंत साक्षीदार: त्याच्या निळसर पात्यावर लांबीच्या दिशेने सुरी ओढली तर ओरखडा उठतो, आडवी ओढली तर उठत नाही. सौसरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच प्राचीन खडकगटातील संगमरवराची गोष्ट आणखी गहन आहे. त्यातील कॅल्साइटाचा कण तापला की एका अक्षाच्या दिशेने प्रसरण पावतो आणि त्याच्या काटकोनात चक्क आकुंचन पावतो. त्यामुळे वर्षानुवर्षे ऊनथंडी सोसणाऱ्या संगमरवरात शेजारचे कण एकमेकांना ढकलीत-ओढीत सैल होतात, आणि हेलसिंकीच्या फिनलंडिया सभागृहाचे इटालियन संगमरवरी तक्ते असेच वाकून १९९० नंतरच्या दशकात बदलावे लागले.

१९३६ साली भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी नागपूर जिल्ह्यातील देवलापारच्या परिसरात एक खडकसमूह दुसऱ्यावर दुरून सरकत येऊन बसल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा खडकाची दिशा ही केवळ गुणधर्माची बाब न राहता पृथ्वीच्या हालचालीची बखर ठरली. हेच वेस्ट पुढे सागर विद्यापीठात अध्यापनासाठी आले. १९५६ साली राज्यपुनर्रचनेची सरहद्द सौसर व रामटेक यांच्यामधून गेली, तरी छिंदवाड्यापासून बालाघाटपर्यंत सुमारे २०० किलोमीटर पसरलेला सौसर गटाच्या खडकांचा हा पट्टा दोन्ही राज्यांत अखंडच राहिला. १९६० साली जेगर या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले की पापुद्र्यांचा खडक सर्वांत दुबळा ठरतो तो भार त्याच्या पापुद्र्यांशी सुमारे ३० अंशांचा कोन करतो तेव्हा, आणि भार त्यांना लंब किंवा समांतर असेल तेव्हा तो सबळ असतो. खाणीच्या छताखाली उभ्या राहणाऱ्या मजुराच्या जिवाशी या कोनाचा प्रत्यक्ष संबंध आहे.

पांढुर्णा-सौसरच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे: डोंगरातून नमुना काढण्यापूर्वी, तो जागचा हलवण्याच्या आधी, होकायंत्र लावून त्यावर उत्तर दिशा आणि थराचा उतार खडूने लिहा. एकदा हातात आलेल्या दगडाला ती पुन्हा विचारता येत नाही.