श्रेयांकांचेही खाते

बदलीच्या नोकरीत घर हलते, तसे कधी मुलांचे महाविद्यालयही बदलते. मग उत्तीर्ण केलेली सत्रे वाया जाण्याची धास्ती वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली विनियमित केलेली ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ येथे साहाय्यभूत ठरते. विद्यार्थी डिजिलॉकरद्वारे खाते उघडतो. श्रेयांक मात्र नोंदणीकृत संस्थाच जमा करते. ते सर्वसाधारणतः ७ वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. पदवीसाठी एकदा वापरले की वजा होतात. त्यांपैकी किती स्वीकारावयाचे, हे नव्या संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते. म्हणून प्रवेश बदलण्यापूर्वी तिची लेखी संमती घ्यावी आणि खात्यातील नोंदी गुणपत्रिकेशी ताडून पाहाव्यात. शैक्षणिक कर्ज असल्यास पुढील रक्कम वितरित होण्याआधी आपल्या शाखेसही अवश्य कळवावे.