काळोखाचा परवाना

१८९० साली धरणगावी त्र्यंबक बापूजी ठोमरे, अर्थात बालकवी, जन्मास आले, त्या काळी आकाशगंगा पाहण्यासाठी अंगणात बाज टाकण्यापलीकडे कोणास काही यातायात करावी लागत नसे. आज त्याच गावच्या रहिवाशास, दिव्यांच्या झगमगाटाने फिकुटलेल्या आभाळाकडे पाठ करून, तापी ओलांडून, फैजपूर-सावद्याच्या केळीबागा मागे टाकीत, रावेर तालुक्यातील पालपर्यंत मजल मारावी लागते. काळोखासाठी अर्जविनंती करण्याची ही पाळी मोठी मौजेची खरी!

पाल हे १९६९ साली घोषित झालेल्या यावल अभयारण्याचे जणू प्रवेशद्वारच. येथे मन मानेल तेथे राहुटी ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी काढून नेमल्या जागी मुक्काम करावा, आणि शेकोटीची हौस तर मुळीच करू नये, कारण सागा-अंजनाच्या पाचोळ्यास ठिणगीचे निमित्त पुरते, शिवाय जाळाकडे पाहणाऱ्याचे डोळे ताऱ्यांस मुकतात. बाहुली क्षणात विस्फारते. परंतु दृष्टिपटलातील मंदप्रकाशग्राही द्रव्य पुन्हा भरून येण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि कोणी वेळ पाहण्यासाठी मोबाईल उजळला की ही सारी पुंजी क्षणात बुडते. विजेरीवर लाल कागद बांधावा, तो याचसाठी.

पौषी अमावास्येस हात लांबवून मूठ वळावी. तिची रुंदी सुमारे दहा अंश भरते. उत्तर क्षितिजापासून अशा दोन मुठी वर चढल्या की ध्रुव सापडतो, कारण आपले अक्षांश २१ आणि ध्रुवाची उंचीही तितकीच. दक्षिणेस, तापीच्या खोऱ्यावर, रात्री दहा-अकराच्या सुमारास दीड मुठीवर अगस्त्य तळपतो. मात्र त्याच्याखाली भुसावळच्या बाजूचा उजेड सायीसारखा साचलेला असतो, तो काही केल्या हटत नाही.

हटविण्याचा उपाय विदर्भात झाला आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती आसपासच्या गावांतील दिवे जमिनीकडे तोंड करून बसविल्यावर. दिवे मालवावे लागले नाहीत, त्यांची मान तेवढी खाली झाली.

मध्यरात्र उलटता ईशान्येस सप्तर्षी पुरते वर येतात. आमच्या गावाकडे त्यांस म्हातारीची बाज म्हणत: चार तारे तिचे खूर, आणि मागचे तीन, ती पळवू पाहणारे चोर. अंगणातल्या बाजा केव्हाच गेल्या. ही मात्र चोरांसकट अजून जागेवर आहे.