टोरांटोचे वार्तापत्र : आठवड्याचे ३६ तास

डायलिसिसवर असलेल्या बाईला मूल होत नाही, हा महाराष्ट्रातला समज अगदीच निराधार नाही. मूत्रपिंडे निकामी झाली की पाळी बिघडते, गर्भ क्वचितच राहतो. राहिला तरी उशिरा कळतो, कारण मळमळ आणि थकवा दुखण्याच्या खात्यावर जमा होतात. रक्तातले गरोदरपणाचे संप्रेरक या आजारात एरवीही वाढलेले असू शकते, त्यामुळे खात्री सोनोग्राफीनेच होते.

टोरांटोत हा समज घड्याळाने मोडला. रात्री झोपेत, घरच्या घरी डायलिसिस करण्याची पद्धत येथे १९९४ पासून रुजली. मशीन पलंगाशेजारी, त्यासाठी नळजोडणी बदललेली, आणि फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत, सुया बाईने स्वतःच टोचायच्या. कॅनडातील २२ आणि अमेरिकेतील ७० गर्भारपणांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला २० तास किंवा त्याहून कमी डायलिसिस झालेल्यांत ४८ टक्के बाळे जिवंत जन्मली. ३६ तासांहून अधिक झालेल्यांत ८५ टक्के. आकडे लहान गटाचे, पण कारण स्पष्ट आहे. आईच्या रक्तातला युरिया वारेतून बाळाकडे जातो, बाळाला लघवी जास्त होते, गर्भजल वाढते आणि दिवस भरण्याआधीच कळा सुरू होतात.

महाराष्ट्रात चार-चार तासांच्या दोन किंवा तीन बैठका, म्हणजे आठवड्याला ८ ते १२ तास. ३६ तास म्हणजे नऊ बैठका, तीन रुग्णांची जागा. सरकारी योजनेत डायलिसिस मोफत होते, पण पुढच्या शिफ्टची माणसे बाहेर बाकावर बसलेली असताना जादा तास मागायचे कोणत्या तोंडाने? घरी मशीन बसवावे तर वीज जाते आणि पाणी दिवसाआड येते.

डोहाळ्यांचा प्रश्न त्याहून जिव्हारी लागणारा. पोटॅशियमच्या धास्तीने शहाळे बंद, केळे बंद. ओटीत पडलेले फळ दुसऱ्याच्या हातावर ठेवायचे. रोजच्या लांबलचक डायलिसिसने मात्र क्षार इतके धुऊन निघतात की मशीनच्या द्रावणात पोटॅशियम वाढवावे लागते, फॉस्फेट वरून घालावे लागते. टोरांटोतली आहारतज्ज्ञ गर्भारणीच्या मागे लागते ती दूध पी, केळे खा म्हणून.

पण दारात बर्फावर उतरवलेली द्रावणाची खोकी सहा महिन्यांची पोटुशी येथे एकटीच आत ओढते. महाराष्ट्रात सासूने, जावेने तिला हातही लावू दिला नसता. त्याच घरात सुई टोचायला शिकणारे चार हात सहज निघाले असते. त्यांना शिकवायला कोणी बसत नाही.

बाकीची काळजी दोन्हीकडे सारखीच. रक्तदाबाची काही औषधे थांबवायची, हिमोग्लोबिनसाठीची इंजेक्शने वाढवायची आणि बाळाचे वाढते वजन धरून दर आठवड्याला मशीनवर किती पाणी काढायचे ते नव्याने ठरवायचे. मूत्रपिंड प्रत्यारोपण होणार असेल, तर ते आधी करून साधारण वर्षभर थांबणे अधिक सुरक्षित. हे सारे दिवस राहण्यापूर्वीच सांगायला हवे.