ऊस थांबत नाही

एखाद्या राजकारण्याला आपण 'प्रस्थापित' म्हणतो तेव्हा नेमकं काय पाहून म्हणतो? मंत्रिपद म्हणावं, तर मंत्री येतात आणि जातात. पैसा म्हणावा, तर कितीतरी पैसेवाले निवडणुकीत आपटतात. मग हे पिढ्यान्‌पिढ्या न हलणं येतं कुठून? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर उत्तराचा मोठा भाग सापडतो उसाच्या कांडीत!

ही कांडी आहेच अजब. आडसाली लागण असेल तर ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. ऊन, पाऊस, थंडी सगळं सोसतो. पण एकदा कोयता बसला की त्याचा धीर सुटतो. कांडीतली विकरंच साखर मोडायला लागतात. जिचे दाणे पाडायचे ती साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, आणि त्यांचे दाणे काही कारखान्यात पडत नाहीत. वजनही घटत जातं. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडलेला बरा. ज्वारी पेवात ठेवता येते, कापूस घरात भरून भाव चढायची वाट पाहता येते. उसाला ती सोय नाही. बरं, तोडायलाच उशीर केला तर? तुरा येतो, कांडी पोकळ पडते, खोडवा खोळंबतो.

आता शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहा. दीड वर्षाची कमाई रानात आहे आणि तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं. ऊसतोडीची टोळी आज येणार की तीन आठवड्यांनी? ज्याच्या हातात हे आहे त्याला कुणाला धमकी द्यावी लागत नाही, की आवाजही चढवावा लागत नाही. एका वनस्पतीच्या घाईतून केवढी सत्ता उगवली पाहा! (कोल्हापूरकडे गुऱ्हाळाचा पर्याय होता. तिथला शेतकरी कारखान्याच्या अध्यक्षांशी जरा मोकळं बोलतो, त्याचं एक कारण हेच असावं, असा माझा आपला अंदाज.)

गंमत अशी की हे यंत्र उभारलं तेव्हाच्या प्रस्थापितांशी भिडलेल्या लोकांनी. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात तेव्हा साखर होती खासगी कंपन्यांची. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून सहकारी कारखान्यासाठी भागभांडवल गोळा केलं. अध्यक्ष कोण? तर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ! 1950 च्या अखेरीस प्रवरेचा कारखाना सुरू झाला. नियम साधा, पण क्रांतिकारक: शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत.

पण मत आलं की निवडणूक आली, निवडणूक आली की सभासद यादी आली. सरकारनं भागभांडवल दिलं, कर्जाला थकहमी दिली. म्हणजे कारखाना चालवायचा तर मुंबईत वजन हवं. पीककर्ज गावच्या सोसायटीचं, वसुली परस्पर ऊसबिलातून. त्याच सोसायट्यांचे प्रतिनिधी जिल्हा बँकेचे संचालक निवडून देतात. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, पुढे 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. साखर, पतपुरवठा, रस्ते, शिक्षण. बऱ्याच तालुक्यांत ही चारही खाती एकाच वाड्यावर आली. हे कुणी कागदावर आखलं नव्हतं, हे मला सगळ्यात थक्क करतं.

म्हणूनच पक्ष बदलला तरी फरक पडत नाही. विठ्ठलरावांचे चिरंजीव बाळासाहेब विखे पाटील काँग्रेसचे खासदार होते आणि शिवसेनेकडून वाजपेयींच्या मंत्रिमंडळातही होते. त्यांचे चिरंजीव राधाकृष्ण विखे पाटील काँग्रेस, शिवसेना, पुन्हा काँग्रेस, विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद आणि 2019 मध्ये भाजप असा प्रवास करून आले. पक्ष ही एसटी समजा, तर कारखाना हा डेपो आहे. गाडीवरची पाटी बदलते, मुक्कामाची जागा बदलत नाही. विरोधी बाकावर बसलेला नेताही प्रस्थापित असू शकतो आणि पहिल्यांदा शपथ घेतलेला मंत्री नसूही शकतो, ते यामुळेच.

मग हे अभेद्य आहे का? अजिबात नाही, आणि इथे तर खरी कमाल आहे. ऊस शेतकऱ्याला थांबू देत नाही, तसा कारखान्यालाही देत नाही. बॉयलर पेटलेला, टोळ्यांना उचल देऊन झालेली, गळिताचे दिवस मोजके. अशा वेळी शेतकऱ्यांनीच तोडी बंद पाडल्या तर? राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं हीच नस पकडली. हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरला ऊस परिषद भरवायची, पहिल्या उचलीचा आकडा जाहीर करायचा आणि तो मिळेपर्यंत वाहनं अडवायची. अध्यक्षांची सत्ता ज्या घाईवर उभी, तीच घाई त्यांच्यावर उलटवली!

2009 मध्ये शेट्टी हातकणंगल्यातून लोकसभेवर गेले. त्यांनी हरवलं राष्ट्रवादीच्या निवेदिता माने यांना. निवेदितांचे सासरे बाळासाहेब माने हे काँग्रेसचे जुने खासदार. 2014 ला शेट्टी पुन्हा जिंकले. 2019 मध्ये मात्र ते काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या आघाडीत होते, म्हणजे ज्या साखरसम्राटांच्या गाड्या अडवल्या त्यांतल्या काहींच्या मांडीला मांडी लावून. समोर शिवसेनेनं उभा केला एक तरुण उमेदवार, आणि शेट्टी हरले. जिंकलेल्या तरुणाचं नाव धैर्यशील माने: निवेदितांचे चिरंजीव, बाळासाहेबांचे नातू.