स्टिअरिंग जड का झालं?

मुलांनो, नांगरटीच्या दिवसांत गावातल्या गॅरेजबाहेर एखादा जुना ट्रॅक्टर हमखास उभा दिसतो. मालक सांगत असतो, "स्टिअरिंग पार दगड झालंय हो! दोन्ही हातांनी ओढावं लागतं." लगेच भोवतीचे चार जण सल्ला देतात, "पंप गेला असणार. नवा टाका!" नवा पंप म्हणजे हजारो रुपयांचा फटका. पण जाणता मेस्त्री पंपाला हातही लावत नाही. तो एवढंच विचारतो, "तेल बघितलंत का?"

तेलच का? पॉवर स्टिअरिंगमध्ये चाकं वळवण्याचं खरं काम तेल करतं, म्हणून. पुष्कळशा ट्रॅक्टरांत तर स्टिअरिंग आणि पुढची चाकं यांना जोडणारा लोखंडी दांडाच नसतो! मध्ये असतात फक्त तेलाच्या नळ्या. इंजिनावर चालणारा पंप टाकीतलं तेल ओढतो आणि दाबानं पुढे ढकलतो. तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे फिरवलंत, की त्याच्या खालचा व्हॉल्व्ह ते तेल सिलिंडरच्या एका बाजूला सोडतो. आतला दट्ट्या सरकतो आणि चाकं वळतात.

हे तेल किती जोर लावतं, त्याचा हिशेब करू या. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो असतो. इथे तेलाचा दाब १०० किलोपर्यंत सहज जातो. दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ झालं जवळजवळ २० चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा पाहू. जवळजवळ दोन टनांचा जोर, आणि तोही चालकाच्या एका हाताच्या इशाऱ्यावर! फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्यानं १९२६ साली अशी तेलाची मदत घेणारं स्टिअरिंग एका मोटारीवर बसवून दाखवलं होतं. बाजारात विकायच्या मोटारीत ते यायला मात्र १९५१ साल उजाडलं.

आता आपल्या ट्रॅक्टरकडे वळू. तेल पुरेसं आहे, गाळणी साफ आहे, पुढच्या टायरांत हवाही आहे. तरी स्टिअरिंग जडच. मग मेस्त्री मागच्या चाकांना दगड लावतो, पुढचा भाग जॅकनं उचलतो आणि खाली भक्कम ठोकळे देतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली कुणीही शिरायचं नाही, बरं का! सिलिंडर सोडवून तो चाकं हातानं हलवून बघतो. हातानंही हलत नसतील, तर बिचाऱ्या पंपाचा काय दोष? ग्रीस न मिळाल्यामुळे किंगपिन धरलेला असतो. पाच मिनिटांचं ग्रीसिंग वर्षभर टाळलं, की असं होतं.

चाकं हातानं मोकळी फिरली, तर मात्र दोष तेलाच्या वाटेवर आहे. आणि इथे एक गमतीचं कोडं आहे. टाकीचं झाकण उघडावं तर तेलावर फेस, पंप कण्हल्यासारखा आवाज करतोय आणि बाहेर गळतीचा एक थेंबही नाही! सांगा बघू, काय झालं असेल? टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीत तेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्या नळीला बारीक चीर गेली, की तेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते. तेल दाबून फारसं आक्रसत नाही, पण हवा आक्रसते. मग सगळा जोर त्या बुडबुड्यांतच जिरतो. मेस्त्री संशयित सांध्यावर थोडं तेल सोडतो. पंपाचा आवाज क्षणभर बदलला, की चोर सापडला! जुनी नळी आणि ढिली क्लिप बदलली की भागतं.

कधी कधी चाकं पूर्ण वळली, तरी स्टिअरिंग हळूहळू फिरतच राहतं. याचा अर्थ, आतल्या आत तेल निसटतंय. दोष व्हॉल्व्हमध्ये असू शकतो किंवा सिलिंडरच्या रबरी सीलमध्ये. सिलिंडर खोलला, तर नवं सील तेल लावून हलक्या हातानं बसवायचं. स्क्रू ड्रायव्हरनं खुपसून नव्हे. आणि दांडा नीट बघायचा. ट्रॅक्टर पावसात उभा राहून दांड्याला गंजाचे खड्डे पडले असतील, तर ते नव्या सीललाही चार दिवसांत कापून काढतात. दांडा तसाच ठेवून सील बदलणं हा माझ्या मते पैशांचा चुराडा. चुकून ब्रेकचं तेल टाकीत गेलं, तरी ही रबरं फुगून वाया जातात. म्हणून माहितीपुस्तकात लिहिलंय तेच तेल घालायचं.

आईबाबांनो, हे तुम्हीही वाचा. इंजिन चालू असताना दाबाच्या नळीवरची गळती बोटानं कधीच चाचपडू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम मुंगी चावल्याएवढीच दिसते, दुखतही नाही फारसं. पण आत तेल पसरत असतं. वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट गमवावं लागतं. म्हणून हळद लावून घरी न बसता थेट मोठं रुग्णालय गाठायचं आणि "दाबाचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरतात. तेलाचा डाग उमटतो.

दुरुस्ती झाली, आता अडकलेली हवा काढायची. पुढची चाकं अजून उचललेलीच आहेत. नवं तेल भरून इंजिन मंद चालवायचं आणि स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. टोकाला दाबून मात्र धरायचं नाही, तेल तापतं. अशा दहा-बारा फेऱ्या झाल्या, की बुडबुडे थांबतात. तेलाची पातळी उतरलेली असते, तेवढी भर घालायची. मग ट्रॅक्टर खाली उतरवून, इंजिन बंद करून प्रत्येक सांधा फडक्यानं पुसायचा. तासभर काम झाल्यावर इंजिन बंद करून पुन्हा तेच फडकं फिरवायचं. ते कोरडं निघालं, तर ट्रॅक्टर शेतात न्यायला हरकत नाही.